बहात्तर तास

रेवणप्पा अंडी आणतो ती सुताच्या कचऱ्यात गुंडाळून.
कचरा पूर्व भागातला, अंडी कुंभारीकडच्या हॅचरीतली.
डझनात दोन हमखास वांझ,
एक वाटेतल्या खड्ड्यात गेलेलं.
मे महिना. बाहेर त्रेचाळीस, पेटीत साडेसदतीस.
"मॅडम, पेटी कशाला, गच्चीवरच ठेवू की,"
तो दरवर्षी म्हणतो.
मी दरवर्षी हसते.

तिसऱ्या दिवशी कवचाला खिडकी पाडायची,
नखाएवढी.
आत टाचणीचं लाल डोकं उडतंय: हृदय.
पोरं एकमेकांच्या खांद्यांवरून वाकतात,
सुनंदा गड्डम तर श्वासच धरून.
आणि कुशीला, दोन्हीकडे, फुगवटा
मोहरीपेक्षा लहान.
हा पंख होणार.
आत्ता तो नुसता होकार आहे.

कोण सांगतं त्याला कुठवर वाढायचं?
पुस्तकात उत्तर आहे: ग्रोथ फॅक्टर.
मी फळ्यावर तीन अक्षरं लिहिते, पुढे एक आकडा.
कडेच्या पेशी काहीतरी झिरपू देतात,
आतल्या पेशी ते ऐकतात
आणि वाढत राहतात.
करडाच्या खुराला हेच, वासराच्या पायाला हेच.
मुकादम नाही, नकाशा हातात घेतलेलं कोणी नाही.
शेजारणीनं शेजारणीला सांगितलेलं.

इथे दरवर्षी मी जरा थांबते.

बत्तीस माग एका पत्र्याखाली.
तिथं कुणी बोलत नसे, बोलून उपयोग नव्हता.
आई कांड्या भरायची.
चौथ्या रांगेतून लच्छव्वा अत्ता ओठ हलवायची,
आवाज नाहीच, नुसते ओठ:
पोगु तेगिंदि, धागा तुटला.
तोवर आईचा हात गाठीवर पोचलेला असे.
घरी मी पाठमोरी बोलले
तर तिच्यापर्यंत काही जायचं नाही,
चाळिशीतच कान गेले होते तिचे.
पण तोंड दिसलं की सगळं ऐकायची,
मी न म्हटलेलंसुद्धा.

परीक्षेत प्रश्न असतो, सहा गुणांचा:
ती कड वेळेआधी काढून टाकली तर?
लवकर काढली तर नुसता दंड.
थोडी उशिरा, तर कोपर आणि पुढचं हाड.
आणखी उशिरा, तर मनगटाशी येऊन थांबतं.
बोटं सगळ्यांत शेवटी.
बोटांशी फार वेळ बोलत राहावं लागतं.
पोरं हे पाठ करतात.
झालं तेवढं मात्र नीट झालेलं असतं,
हे मी माझं म्हणून जोडते,
आणि राजमोगली अण्णाचं नाव घेत नाही.

कारखान्याचं शटर पडलं तेव्हा तो आठवीत होता.
आठवीपर्यंतचा तो आजही शाबूत आहे:
अक्षर मोत्यासारखं, तिसापर्यंत पाढे,
महाराष्ट्राच्या नद्या उगमासकट.
पुढचं आलंच नाही.
मी चौथीत होते.
तो रिक्षा चालवत माझ्या कडेला बसून राहिला,
माझ्या फीच्या पावत्यांवर त्याचीच सही,
तेच अक्षर.
माझी बोटं त्याने बोलून आणलेली आहेत.

खिडकीवर चिकटपट्टी लावून अंडं परत पेटीत ठेवते
आणि तेवढ्यात लाईट जाते.
पंखा गरगरत मंदावतो, पोरं ओरडतात,
मग गप्प होतात आपणहून.
रेवणप्पा न सांगता पेटीभोवती सुताचा कचरा रचतो,
वरून खांद्यावरचा टॉवेल.
बाहेर त्रेचाळीस असताना
हा माणूस एका मोहरीला ऊब देतोय.
मी भुवई उंचावते: किती वेळ?
तो नुसते ओठ हलवतो.

मला ऐकू येतं.